आक्कांच्या छपराचं पाणी

"चोरी करायची तर जरा चोरासारखी कर. असं नामस्मरण चालू ठेवून कुणी चोरी करतं का?" आमचे हे म्हणाले आणि त्यांनी छत्री उघडली. पाऊस नव्हता. छत्री होती ती माझ्या हातातली बादली झाकायला.

बादलीत झरेश्वराच्या कुंडातले हाती लागले तेवढे मासे होते. लहान सहा-सात, आणि त्यांच्यात कशीबशी अंग दुमडून राहिलेली थोरली मासोळी, नथवाली. हिरामण गुरव सकाळची पूजा आटोपून बाहेर आला होता. आम्हाला पाहताच तो वळला आणि फडक्याने नंदीची पाठ पुसायला लागला. इतका वेळ पुसण्यासारखं त्या पाठीवर काही नव्हतं.

"काकू, मी काही बघितलेलं नाही," तो नंदीलाच म्हणाला.

आम्ही निघालो.  पन्नाशी उलटेपर्यंत मी कुणाच्या झाडाचं फूलसुद्धा न विचारता तोडलं नव्हतं, आणि आता देवाचे मासे पळवत होते.

साताऱ्यात किल्ल्याच्या उतारावरच्या आमच्या पेठेत झरेश्वराचं देऊळ आहे. देवळाशेजारी दगडी पायऱ्यांचं कुंड, त्याच्या एका कोपऱ्यात गोमुख, आणि गोमुखातून बारीक धारेने येणारं झऱ्याचं पाणी. या कुंडातल्या माशांना रोज सकाळी कणकेच्या गोळ्या घालायच्या, आणि त्यांनी पहिली गोळी घेतल्याशिवाय आपण तोंडात घास घ्यायचा नाही, असं माझं व्रत होतं. ते मुळात माझं नव्हेच. शेजारच्या आक्का तांबट ते चालवत होत्या. शेवटच्या आजारपणात त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सांगितलं, "कुमुद, माझी पोरं आता तुझ्याकडे." पोरं म्हणजे मासे. सगळ्यांत थोरल्या मासोळीच्या तोंडाशी सोनेरी ठिपका होता, म्हणून तिचं नाव आक्कांनी नथवाली ठेवलं होतं.

आक्कांना पोटचा मुलगाही होता. दत्तोबा तांबट, तांब्याच्या भांड्यांचा कारखानदार आणि देवस्थानचा अध्यक्ष. आक्का गेल्यावर त्याने आईच्या नावाने देवळाच्या सभामंडपावर तांब्याच्या पत्र्याचं छप्पर घातलं. आधीची कौलं गळत होती. चैत्रात नवं छप्पर चढलं तेव्हा ते उन्हात असं झळकायचं की खालच्या रस्त्यावरची माणसं थांबून हात जोडायची. छपरावरचं पाणी वाया जाऊ नये म्हणून दत्तोबाने तांब्याचीच पन्हळ केली आणि तिचा पाइप कुंडात सोडला. तांब्याच्या भांड्यातलं पाणी आपण सकाळी उठून पितो, मग एवढ्या तांब्यावरून उतरलेलं पाणी म्हणजे तीर्थच, असं सगळ्या पेठेचं म्हणणं पडलं. माझंही पडलं. त्या पाइपला हळदकुंकू मीच लावलं होतं.

आणि खरोखर चमत्कार दिसायला लागला. दर पावसाळ्यात हिरवट होणारं कुंड काचेसारखं स्वच्छ झालं. पायऱ्यांवरचं शेवाळ गेलं. घसरून पडायची भीती संपली म्हणून म्हाताऱ्या माणसांनी दत्तोबाला दुवा दिला.

मग मासे मरायला लागले. जोराची सर येऊन गेली की दुसऱ्या दिवशी दोन-चार पांढरी पोटं वर दिसायची. देवस्थानच्या मंडळींनी कारण शोधून काढलं: कणकेच्या गोळ्या. कणीक तळाला बसते, सडते, पाणी नासतं. माशांना खाऊ घालू नये, अशी पाटी लागली. तरीही मासे मरतच होते, तेव्हा ठरलं की कुंड उपसायचं, उरलेसुरले मासे काढून टाकायचे, तळाला फरशी बसवायची आणि मधोमध कारंजं. उपसायचं यंत्र आमच्या चोरीच्या दुसऱ्या दिवशी येणार होतं.

पाटी लागली तरी मी जातच होते. हिरामण काणाडोळा करायचा. पण आता मासेच गोळी घेत नव्हते. सगळे गोमुखाच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून राहायचे, आणि मी टाकलेली गोळी त्यांच्या डोक्यावरून विरघळत खाली जायची. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या सकाळी माझ्या पोटात पाण्याखेरीज काही नव्हतं, आणि आमचे हे घाबरले होते. त्यांचं घाबरणं चेष्टेतून बाहेर पडतं.

"मासे वाचले तर तू जेवशील. म्हणजे मासे चोरणं हे माझं पतिकर्तव्य झालं," ते म्हणाले होते.

घरी मागच्या अंगणात बादली टेकवली. यांनी धुण्याचा निळा प्लास्टिकचा टब पुढे ओढला. लहान मासे त्यात सोडले. पण नथवालीला प्लास्टिकमध्ये ठेवायचं माझ्या मनाला काही पटेना. देवाच्या दारची ती, आणि आक्कांची लाडकी. मी माळ्यावरून तांब्याचं घंगाळ खाली काढायला लावलं. ते दत्तोबाने आपल्या हाताने ठोकून घडवलेलं होतं आणि आक्कांनी मला भेट दिलेलं. कार्तिकस्नानापुरतंच मी ते वापरायचे. चिंच-मीठ लावून घासघास घासलं, लखलखीत केलं, आडाचं पाणी भरलं आणि नथवालीला दोन्ही हातांनी अलगद त्यात सोडलं.

"थोरल्यांना तांबं, पोराटोरांना प्लास्टिक," हे म्हणाले. "माशांच्या पंगतीतही तुझा भेदभाव."

मी जपाला बसले. उठून आले तो टबातली पोरं सुळसुळ फिरत होती. मला इतका आनंद झाला की मी कणकेची गोळी करून टाकली, आणि त्यांनी ती ओढाओढ करून खाल्ली. यांनी लगेच पाट मांडला. घेतली ना त्यांनी गोळी, मग बस जेवायला. मी म्हटलं, व्रत कुंडातल्या माशांचं आहे, टबातल्या नाही. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

नथवाली मात्र खंगत चालली होती. तिचं तोंड पाण्याच्या वर येत होतं, कल्ले भराभर हलत होते, अंगावर शेंबडासारखा बुळबुळीत थर आला होता. मग ती कुशीवर पडली. मी समजले की हिचं आता वय झालं. माणसाच्या तोंडात घालतात तसं तुळशीचं पान घालावं म्हणून मी वृंदावनाकडे वळले, तेवढ्यात मागे डुबुक असा आवाज झाला.

टबातल्या एका अवखळ पोराने उडी मारली होती आणि ते शेजारच्या घंगाळात जाऊन पडलं होतं.

"राहू दे," हे म्हणाले. "म्हातारीला सोबत."

मी राहू दिलं. नथवालीजवळ बसून राहिले. तुळशीचं पान तेवढं खुडून आणलं होतं, ते हातातच राहिलं. ते पोर आधी घंगाळाच्या कडेने भिरभिरलं. मग त्याचा वेग कमी झाला. मग ते तळाशी थांबलं. थोड्या वेळाने ते वर आलं आणि नथवालीसारखंच तोंड वर काढून हवा गिळायला लागलं.

मी टबाकडे पाहिलं. तिथे त्याची भावंडं अजून दंगा करत होती.

"अहो," मी म्हटलं. माझा आवाज नेहमीच बारीक. "अहो, इकडे या. पाणी एकच आहे. दोन्हीकडे आडाचंच. भांडं तेवढं वेगळं."

त्यांनी एकदा घंगाळात पाहिलं, एकदा टबात. चेष्टा त्यांच्या चेहऱ्यावरून उतरली. पुढच्या क्षणी आम्ही दोघं गुडघे टेकून त्या दोघांना बाहेर काढत होतो. पोराला टबात परत टाकलं; नथवालीला टब लहान, म्हणून तिला मोरीजवळच्या सिमेंटच्या टाकीत सोडलं. वरून मी तांब्या-तांब्याने पाणी ओतायला गेले, तर यांनी माझा हात धरला. हातात तांब्याचाच तांब्या होता.

"मग आपण रोज यातलं पितो ते?" ते म्हणाले.

"आपण घोटभर पितो. तिला त्यातच राहायचं असतं. तिचा श्वासच तो."

हे बोलता बोलताच मला देवळाचं छप्पर दिसलं. पन्हळ दिसली. मीच हळदकुंकू लावलेला पाइप दिसला. आणि काचेसारखं स्वच्छ कुंड. ते स्वच्छ झालं नव्हतं. त्यातलं जगणारं एकेक निघून गेलं होतं, आधी शेवाळ, मग गोगलगाई, आणि आता मासे. सर आली की मरायचे, आणि उरलेले गोमुखाशी दाटी करायचे, कारण झऱ्याचं पाणी तेवढं तांब्यावरून आलेलं नव्हतं.

मी वर पाहिलं. यवतेश्वराच्या डोंगरावर ढग काळे होऊन टेकले होते. चार-पाच दिवस पावसाने उघडीप दिली होती. तेवढ्यात छपरावर धूळ साठली होती, कबुतरांनी घाण केली होती, ऊन-दवाने तांब्यावर काळपट साय धरली होती. आता जी सर येणार होती ती हे सगळं धुऊन कुंडात नेणार होती.

"लुना काढा," मी म्हटलं.

पेठेतल्या लोकांनी त्या दुपारी काय पाहिलं असेल ते देव जाणे. हे लुना चालवत होते, आणि मागे मी, नऊवारीचा काष्टा आवळून, मांडीवर घंगाळ धरून. खड्ड्यातून गेलो की घंगाळ घणघणायचं आणि माणसं वळून पाहायची. उपाशी पोटाने मला भोवळ यायला हवी होती. मला तर वाटत होतं की मी लुनाच्या पुढे धावत जावं.

सभामंडपात मंडळी जमलीच होती, उद्याच्या उपशाची आखणी चालली होती. दत्तोबा मधे बसला होता. शेजारी जांभळे, फरशीचं आणि कारंजाचं काम त्याच्याकडे होतं. मी चार पुरुषांत कधी बोललेली बाई नव्हे. घंगाळ त्यांच्यासमोर ठेवलं आणि जे घडलं ते सांगायला लागले. कुणाला ऐकूच जाईना.

"वहिनी, जरा मोठ्याने," दत्तोबा म्हणाला.

मग मी मोठ्याने सांगितलं. चोरीपासून सगळं.  वरचं तांबं उन्हाने नुकतंच तापलेलं, ते ढगाच्या गारव्याने कडकड वाजत होतं.

दत्तोबाने घंगाळाच्या काठावरून बोट फिरवलं. स्वतःच्या हातोडीच्या खुणा त्याने ओळखल्या असणार. तो हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे माझ्या आईच्या नावाचं छप्पर माझ्या आईचे मासे मारतंय, असं तुम्ही म्हणताय."

 खरं बोलायचं व्रत मी सोडलं नव्हतं, आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघवतही नव्हतं.

जांभळेच मध्ये पडला. "एवढं कशाला? घंगाळ आहे, कुंडात मासे आहेत. आणा एक, सोडा यात, आणि बसा बघत. सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे."

"नाही," मी म्हटलं. तेवढा एक शब्द माझ्या तोंडून ठणठणीत निघाला. "ज्यांना रोज खाऊ घालते त्यांना मी मरायला बसवणार नाही. तुम्हाला बघायचंच असेल तर पायऱ्या बघा."

हिरामण तोवर खांबाआडून ऐकत होता. तोच पुढे झाला आणि सगळ्यांना कुंडाकडे घेऊन गेला. पाइपच्या खालच्या पायऱ्या काळ्याभोर, घासल्यासारख्या. जिथे धार पडत होती तिथे दगडांच्या सांध्यातला पांढरा चुना निळसर हिरवा झाला होता. आणि समोर गोमुखाखाली हाताएवढं शेवाळ शिल्लक होतं, त्यात दोन गोगलगाई. मासे तिथेच, जागेसाठी ढकलाढकल करत.

"या पाइपखालच्या पायऱ्या घासायला मी पहिल्या पावसापासून काथ्या लावलेला नाही," हिरामण म्हणाला. "मला वाटलं देवाची कृपा."

"हे तर जुन्या चुन्याचं असेल," जांभळे म्हणाला.

 दत्तोबा पायऱ्या उतरला, पाइपच्या तोंडाशी उकिडवा बसला. वाकणात मागच्या सरीचं थोडं पाणी साचून राहिलेलं होतं. त्यात त्याने बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग तोंड वेडंवाकडं करून बाजूला थुंकला.

"कळकलंय," तो म्हणाला.

बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवलं की जी चव येते, ती. कुठल्याही स्वयंपाकघरात ती कळते, आणि तांबटाच्या घरात तर पाळण्यातल्या पोरालाही. दत्तोबाने बोट सदऱ्याला पुसलं. "सगळी हयात गिऱ्हाइकांना सांगत आलो, कल्हई केल्याशिवाय आंबट ठेवू नका. आणि एवढं मोठं भांडं पालथं करून देवाच्या डोक्यावर ठेवलं, त्यावर शहराचा धूर, कबुतरांची घाण, पाऊस. मला सुचलं नाही."

"भाऊ, कुणालाच सुचलं नव्हतं," मी म्हटलं. "कुंकू मी लावलं होतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "आणि वहिनी, तुम्ही जेवला नाहीत म्हणतात ते खरं?"

मी उत्तर द्यायच्या आत ढग गडगडला. वाऱ्याबरोबर मातीचा वास आला आणि पहिला टपोरा थेंब छपरावर टण्णकन वाजला.

मग जे झालं ते आठवलं की मला आजही बसल्या जागी उभं राहावंसं वाटतं. दत्तोबाने सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि शिडी मागितली. साठीचा माणूस शिडीवर चढला आणि आपणच जोडलेल्या पाइपच्या सांध्यावर हातोडीचे घाव घालायला लागला. हिरामण म्हणाला, पाणी बाजूच्या गटारात वळवू. मी ओरडले. हो, मीच. गटार ओढ्याला मिळतं, ओढा नदीला, तिथले मासे काय कुणाचे नाहीत? दत्तोबा वरूनच म्हणाला, "बरोबर आहे. मातीत जिरवा." देवळामागच्या मोकळ्या जागेत बांधकामाचा उरलेला चुना पडला होता. यांनी आणि हिरामणने कुदळ-फावडं घेऊन तिथे खड्डा पाडायला सुरुवात केली आणि त्यात घमेल्या-घमेल्याने चुना ढकलला; पायऱ्यांच्या सांध्यात चुन्यानेच तो हिरवा कळक धरून ठेवला होता, इथेही धरेल म्हणून. पाइप सुटला तेव्हा पावसाने जोर धरला होता. पन्हळीतून काळपट पाण्याचा लोट सरळ कुंडावर यायला लागला.

"ताडपत्री," जांभळे ओरडला. फरशी झाकायला आणलेली त्याचीच ताडपत्री त्याने ओढत आणली. एक टोक त्याने धरलं, एक मी, उरलेली मंडळींनी. लोट ताडपत्रीवर आपटला आणि आमचे हात खाली गेले. हिरामण हसायला लागला, मग आम्ही सगळेच. भिजून चिंब, डोळ्यांत पाणी, कुणाची टोपी वाहून गेलेली, आणि आम्ही ते पाणी झोळीत घेतल्यासारखं ओढत ओढत खड्ड्याकडे वळवत होतो. शिडीवर दत्तोबा पन्हळीचं तोंड दोन्ही हातांनी दाबून वाकवत होता. तांबं मऊ. ते वाकलं. पाणी एकदम दुसऱ्या बाजूला, मागच्या मातीत कोसळलं.

कुंडात फक्त आभाळातून पडणारा पाऊस राहिला. त्याचे थेंब पाण्यावर नाचत होते.

दिवाळीनंतर दत्तोबाने छप्पर उतरवलं आणि पुन्हा कौलं चढवली, या वेळी न गळणारी. लोक म्हणाले, आईचं नाव पुसलं.  त्या पत्र्याची त्याने भांडी केली आणि आतून कल्हई करून विकली. जांभळेचं कारंजं राहून गेलं. आता मी बरीच थकले आहे, पण पाऊस लागला की खिडकीशी बसून समोरची छपरं बघते. कुठे जस्ताचा पत्रा, कुठे डांबर फासलेली गच्ची, कुठे रंग उडालेला. वाटतं, प्रत्येक छप्पर पाण्याच्या हाती आपलं काहीतरी देत असतं, आणि ते कुणाच्या तरी दारात पोचत असतं.

त्या सरीच्या दुसऱ्या सकाळी मात्र पाऊस थांबला होता. आम्ही नथवालीला आणि टबातल्या पोरांना बादलीतून परत आणलं, या वेळी छत्रीशिवाय. दत्तोबा आधीच पायरीवर येऊन बसला होता. रात्रभर तो झोपला नसावा. नथवालीला गोमुखाखाली सोडलं. ती खोल गेली आणि दिसेनाशी झाली.

मी डब्यातली कणीक पुढे केली. पाटी अजून तिथेच होती. दत्तोबाने पाटीकडे पाहिलं, मग कणकेची एक गोळी केली. हातोडी धरायच्या जाडजूड बोटांना ती नीट वळेना. तशीच ओबडधोबड त्याने पाण्यावर धरली, टाकली नाही. आक्का तशीच धरायच्या.

आम्ही थांबलो. 

खालून एक सावली वर आली. सोनेरी ठिपका दिसला. तिने त्याच्या बोटांना तोंड लावलं आणि गोळी ओढून नेली.

दत्तोबा ओला हात तसाच धरून बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, आता घरी जा. जेवा."